राउटर, ट्रिमर आणि बिनदाराची चौकट

राउटर घ्यावा की ट्रिमर, हा प्रश्न मी जवळजवळ अख्खा पावसाळा चघळला. ज्यांना लाकडाचा नाद नाही त्यांना वाटेल, यात चघळण्यासारखं काय आहे. लॉकडाऊनमध्ये घरात बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा मी मोबाईलवर बघून बघून एक पाट केला. तो डगमगायचा. दुसरा केला, तो जरा कमी डगमगला. तिथून जो नाद लागला तो सुटलाच नाही. मी नगरला एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आमच्या तोंडात अजून नगरच आहे. रविवारी गच्चीवर पत्र्याखाली माझा पसारा मांडला जातो. नवरा म्हणतो, लोकांच्या बायका साड्यांना फॉल लावतात, आमची फळ्यांना पॉलिश लावते. म्हणू दे.

राउटर आणि ट्रिमर ही एकाच जातीची हत्यारं. टोकाला बिट बसवायचं, ते गरगर फिरतं आणि लाकडाची कड गोल करतं, खोबण पाडतं, खाच खोदतं. फरक अंगापिंडाचा. राउटरला दोन मुठी, वजन दोन्ही हातांना जाणवेल एवढं. तो खोल जातो, पण लाकूड टेबलावर नीट आवळून ठेवलेलं असेल तरच त्याच्या वाटेला जावं. ट्रिमर एका हातात मावतो. कडा आणि उथळ खाचा एवढंच त्याचं काम. जास्त मागितलं की तापतो आणि लाकूड काळं करतो. माझ्या पाट-चौरंगांना ट्रिमर पुरेसा आहे हे मला कधीच कळलं होतं. पण मन राउटरवर बसलं होतं. मोठं हत्यार घरात असलं की आपण कुणीतरी झालो असं वाटतं, दुसरं काही नाही.

पहिल्यांदा दुकानात जाऊन राउटर मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, "नेटचा ना? तो पुढच्या गल्लीत मिळेल, मॅडम." लाकडाचा हवाय म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि साहेबांना घेऊन यायला सांगितलं. साहेबांना खिळा सरळ ठोकता येत नाही. मी काही न घेता परत आले, आणि घरी येईपर्यंत धुमसत होते.

तोवर आण्णांचं सुरू झालं होतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. ते आणि आई शनिशिंगणापूरला राहायचे, मी त्यांची एकुलती. आण्णा साखर कारखान्यात काट्यावर होते, उसाच्या गाड्या तोलायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आता त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट जात चालली होती. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं गेली, मग जेवलो की नाही ते गेलं, मग मी गेले. मला ते 'बाई' म्हणायला लागले, पाहुण्या बाईशी बोलतात तसं अदबीनं. एक गोष्ट मात्र पक्की राहिली, ती म्हणजे कारखान्यातली कामाची पाळी. बसल्या जागेवरून उठायचे, टोपी घालायचे, "पाळी हाय," म्हणायचे आणि चालू पडायचे. बाहेर भाविकांच्या गाड्यांचा रस्ता, गाळप सुरू झालं की उसाचे ट्रॅक्टर. दोनदा लोकांनी धरून आणले. डॉक्टरांनी हात वर केले आणि एवढंच सांगितलं, की यांना एकटं बाहेर पडू देऊ नका.

आमच्या गावात घरांना दारं नसतात, हे सगळ्यांना माहीत आहे. बाहेरचे लोक ते बघायला येतात, आमच्या उंबऱ्यात उभे राहून फोटो काढतात. चौकट असते, पडदा असतो. कुत्री आत शिरू नयेत म्हणून चौकटीला एक फळी टेकवून ठेवतात. कडी नाही, कोयंडा नाही, देव राखतो. माझं सगळं लहानपण तसल्या घरात गेलं आणि मला त्याचं कौतुकच वाटायचं. शाळेत नव्या बाई आल्या की मी ते मिरवायचे. पण ही सगळी राखण बाहेरून आत येणाऱ्याची होती. आतून बाहेर जाणाऱ्याला कसं थांबवायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी दोघांना नगरला आणून पाहिलं. आमच्या फ्लॅटचं बंद दार बघून आण्णा बिथरले. मला कोंडलं, मला कोंडलं म्हणत त्यांनी दारावर हात आपटले, मनगटं सुजेपर्यंत. आई रडत होती. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना गाडीत घालून परत सोडून आले.

मग मी ठरवलं, की गावच्या चौकटीला अर्धं दार करायचं. कमरेच्या वर येईल एवढं. वरून आण्णांना रस्ता दिसेल, माणसं दिसतील, कोंडल्यासारखं वाटणार नाही, आणि खिटी खाली बाहेरच्या बाजूला, त्यांचा हात पोचणार नाही अशी. आणि हे ठरलं तसा राउटर-ट्रिमरचा घोळ एका मिनिटात मिटला. राउटरला लाकूड आडवं हवं. चौकट भिंतीत उभी आहे, ती काही आडवी होत नाही. बिजागऱ्यांसाठी उभ्या लाकडात दोन उथळ खाचा खोदायच्या, तर ट्रिमरच. पटाशीनं झालं असतं, पण ती जुनी बाभळ. हातोडीचे घाव घातले असते तर सगळी भिंत हादरली असती. एवढे दिवस मी हत्यार निवडत होते. खरं तर काम काय आहे ते ठरलं नव्हतं, म्हणून हत्यार ठरत नव्हतं.

दार म्हटलं की आई बिचकेल हे मला माहीत होतं, म्हणून फोनवर मी आडून सुरुवात केली.

"आण्णांसाठी एक वस्तू घेतेय," मी म्हटलं. "ते बाहेर जाऊ नयेत म्हणून. मनात राउटर होता, पण आता ट्रिमरच घेईन म्हणते."

"ट्रिमर कशाला गं," आई म्हणाली, "त्यांची दाढी न्हावी करतोय की. राउटरच घे. शेजारच्या दुकानात बी बसवलाय. लई चांगलं दिसतं म्हने, पार रस्त्यापत्तूर."

दाढीवर मी इतकी हसले की पुढचं वाक्य कानावरून गेलं. त्या दिवसांत हसायला फारसं काही मिळत नव्हतं. आई हो म्हणाली, एवढंच मी धरून बसले. तिनं नेटचा राउटर आणि त्यावर चालणारा कॅमेरा धरला आणि मी दार. दोघींनी एकमेकींना चांगलं म्हटलं आणि फोन ठेवला.

ट्रिमर आणला. सागाच्या फळ्या जोडून दार केलं, कडा गोल केल्या, आण्णांच्या हाताला टोचू नये म्हणून तीन-तीनदा घासल्या. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम होतं, हे मी आजही म्हणेन. एका रविवारी ते गाडीच्या मागच्या सीटवर घालून गावी गेले. आई मागं चुलीपाशी होती. मी दार भिंतीला टेकवलं, चौकटीवर बिजागरी धरली आणि पेन्सिलीनं भोवती रेघ मारली. वरची झाली, खालची झाली. ट्रिमरची वायर बोर्डाला लावणार तेवढ्यात आई आली.

तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग चौकटीवरच्या खुणांकडे.

"हे काय?"

"आण्णांसाठी. तुला सांगितलं होतं ना."

"तू राउटर म्हनलीस."

"आई, हे दार नाही. फाटक समज. अर्धंच आहे."

"बिजागरी लागली की दार झालं," आई म्हणाली. "फळी टेकवायची तर धा फळ्या टेकव, कुनी काय म्हननार न्हाई. बिजागरी न्हाई लावायची."

मी पुष्कळ बोलले. नको तेही बोलले. देव राखतो तर त्यानं आण्णांचं डोकं का राखलं नाही, असं विचारलं. ती चिडली नाही. उंबऱ्यावर बसली, पाठ चौकटीला लावली, बरोबर त्या खुणांवर. तिला देवाच्या कोपाचं भय स्वतःसाठी नव्हतंच. माणूस आधीच अर्धा गेलाय, आणि आपल्या हातून काही वेडंवाकडं झालं तर उरलेला अर्धाही जाईल, एवढंच तिच्या मनात होतं. "तुझ्या घरी दाराशी काय केलं त्यांनी, बघितलं न्हाई का तू?" ती म्हणाली.

आण्णा आतून आले. दारावरून त्यांनी हात फिरवला, घासलेल्या कडेवरून, सावकाश. "चांगलं काम हाय," ते मला म्हणाले. "कुनाच्या घरचं हाय, बाई?"

मी ते उचलून परत गाडीत घातलं.

आठवड्याभरात शेजारच्या दुकानदाराच्या ओळखीनं राउटर आला, आईच्या मनातला. त्याच्यासोबत कॅमेरा आला आणि तो चौकटीच्या वर, आतल्या बाजूला बसला. देवाच्या गावात डोळा चालतो, दार चालत नाही. मी कडवट झाले होते, पण खोटं कशाला बोलू, कॅमेऱ्यानं काम केलं. आण्णा उंबऱ्याकडे निघाले की शाळेत माझा फोन वाजायचा, त्यात ते दिसायचे, मी आईला फोन लावायचे, आई ओल्या हातानं येऊन त्यांना वळवायची. "पाळी बदललीय, उद्या हाय," म्हटलं की ते ऐकायचे. दिवाळी गेली, कारखान्याचा भोंगा सुरू झाला, तरी हे चाललं. मला वाटायला लागलं, की आईचंच बरोबर होतं.

तो शनिवार होता. सकाळची शाळा सुटत आली होती, मी मुलांनी धुतलेल्या परीक्षानळ्या पालथ्या घालत होते. फोन वाजला. कॅमेऱ्यात पाहिलं, आण्णांनी टोपी घातली होती. मी आईला लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. नंतर कळलं, ती मागच्या दगडावर कपडे धूत होती, नळ सोडलेला होता, फोन आत फळीवर. शेजारच्या दुकानदाराला लावला. शनिवारची गर्दी, त्याला काय ऐकू येणार.

कॅमेऱ्यातून बोलता येतं हे मला माहीत होतं, कधी वापरलं नव्हतं. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "आण्णा, थांबा."

ते थांबले. खरंच थांबले. मान वर करून त्यांनी आवाज कुठून आला ते शोधलं. सबंध चेहरा माझ्याकडे होता, इतक्या जवळून मी तो कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "आण्णा, थांबा, जाऊ नका," मी पुन्हा म्हटलं. त्यांनी टोपी काढली, काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. मग वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला. चपला घातल्या. बाहेर पडल्यावर फळी उचलून होती तशी चौकटीला टेकवली, कुत्री शिरू नयेत म्हणून. मी ओरडत राहिले. प्रयोगशाळेच्या दारात मुलं गोळा झाली होती.

ते रस्त्यानं गेलेच नाहीत, म्हणून रस्त्यावर शोधणाऱ्यांना सापडले नाहीत. कारखान्याची जुनी पायवाट त्यांना आठवत होती. ती वाट आता राहिली नाही, तिथे ऊस आहे. उभ्या उसात शिरलेल्या माणसाला चारी बाजूंनी सारखंच दिसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊसतोडीच्या टोळीला ते एका सरीत सापडले, कुशीवर, टोपी डोक्याखाली घेतलेली. अंगावर कुठं मार नव्हता. पाण्यावाचून आणि थंडीनं गेले, असं डॉक्टर म्हणाले.

ते दार अजून गच्चीवर आहे, भिंतीकडे तोंड करून. ट्रिमर त्यानंतर मी हातात धरलेला नाही. नवऱ्यानं मध्यंतरी विचारलं, राउटर घ्यायचा होता ना तुला.

आई गावीच आहे. चौकटीवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा तशाच आहेत, तिनं त्या पुसल्या नाहीत आणि मीही नाही. तेराव्याच्या दिवशी शेजारच्या दुकानदारानं त्या शनिवारची क्लिप काढून तिच्या मोबाईलवर दिली. त्या क्लिपला आवाज नाही. तिनं ती मला दाखवली, आल्यागेल्या सगळ्यांना दाखवते. आण्णा थांबतात, वर बघतात, टोपी काढून हात जोडतात. तिथं ती बोट लावून क्लिप थांबवते.

"बघ," ती म्हणते, "कुनाचं नाव आठवत नव्हतं, पर देवाचं वळखलं. देवानं हाक मारली, म्हनून गेले. आपन दार लावलं आसतं तर काय झालं आसतं गं?"

दर वेळी विचारते. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तिला एवढाच आधार आहे. ती हाक माझी होती. आणि मी थांबा म्हणत होते.