उत्तरेकडचं दार

हुल्तेबीची अकरा घरं एकमेकांना इतकी खेटून होती की एकीची लापशी करपली की दहा घरच्या खिडक्या उघडायच्या. स्टावा याच गावात जन्मली आणि याच गावात दिली गेली. माहेरापासून सासरचं अंतर चाळीस पावलं. व्हायोलिनवाला गज ताणतोय तोवर नवरी सासरच्या उंबऱ्यात पोचली होती, असं म्हातारी माणसं पुढे कित्येक वर्षं सांगून हसत.

नवरा स्वांते चांगला होता, पण आयुष्याचा कच्चा निघाला. एका हिवाळ्यात छातीत कफ भरून गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली ती तीन गायी, एक बैलजोडी, माग्नुस नावाचा ठार बहिरा गडी आणि पस्तिशीतली स्टावा. लोकांना वाटलं, ही आता शेत भावकीला देऊन टाकेल. तिने नांगर माग्नुसच्या हाती दिला आणि गावाच्या बैठकीत नवऱ्याच्या जागेवर स्वतः जाऊन बसली. विधवेला तो हक्क होता. फक्त तो वापरायचा असतो हे त्या गावातल्या बायकांना फारसं माहीत नव्हतं.

शेजारच्या घरात ब्योर्ता राहायची. ब्योर्ता म्हणजे कामाला वाघ आणि तोंडाला धार. तिची एक पांढरी कोंबडी होती, तिला काय अवदसा आठवली कोण जाणे, ती एक उन्हाळाभर स्टावाच्या लाकडांच्या खोपीत अंडी घालत राहिली. स्टावाने ती अंडी खाल्ली. आपल्या खोपीत सापडलेलं अंडं आपलं, असा तिचा सरळ हिशोब. ब्योर्ताने हे चर्चच्या पायरीवर, सगळ्या गावासमोर, पाद्रीबाबा ऐकत असताना बोलून दाखवलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं ते अकरा वर्षं बंदच राहिलं. अंडी किती होती म्हणाल, तर जेमतेम तीन डझन.

पण अबोला पाळायलाही गावाने मोकळीक दिलेली नव्हती. कारण काठी.

हुल्तेबीत गावाची बैठक बोलवायची तर कारभारी आपल्या घरून काठी काढायचा. हातभर लांब, जुनिपरच्या लाकडाची, टोकाला चीर, आणि चिरीत खोचलेला निरोपाचा कागद. ती सूर्य फिरतो त्या दिशेने घरोघर जायची. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या हातात द्यायची, दाराशी टेकवून पळायचं नाही. अकराव्या घराने ती परत कारभाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवली की मगच बैठक सुरू. ब्योर्ताचं घर दहावं, स्टावाचं अकरावं. म्हणून वर्षातून आठ-दहा वेळा ब्योर्ताला स्टावाच्या दारावर तीनदा काठी आपटून उभं राहावं लागे. स्टावा दार उघडायची, हात पुढे करायची, काठी घ्यायची. दोघी एकमेकींच्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघायच्या. मग ब्योर्ता वळून जायची. अकरा वर्षं असंच चाललं आणि दोघींनाही त्याची इतकी सवय झाली की आपण भांडलेलो आहोत हे आता फक्त इतरांच्याच लक्षात होतं.

मग जमिनीच्या फेरवाटणीचा कायदा हुल्तेबीपर्यंत येऊन पोचला. तोवर प्रत्येकाचं शेत पन्नास चिंध्यांत विखुरलेलं होतं. एकेक पट्टी इतकी अरुंद की बैल वळवायचा तर शेजाऱ्याच्या ओटच्या पिकात पाय पडायचा. सरकारचं म्हणणं रास्त होतं, ते कबूल केलं पाहिजे. प्रत्येकाला एका जागी सलग जमीन द्यायची, आणि ज्याची जमीन जिथे, त्याचं घर तिथे. मोजणीदार साखळी घेऊन दोन उन्हाळे फिरला आणि शेवटी म्हणाला की तीन घरांना गावातून उठावं लागेल. दोघे तरुण आपखुशीने नदीकाठच्या रस्त्यालगत गेले, तिथली माती काळी होती. तिसरं घर दक्षिणेच्या माळावर जायचं होतं. गावापासून चांगली अर्ध्या तासाची चाल. चिठ्ठ्या टाकल्या, निघाली ती स्टावाची.

बैठकीत तिने कांगावा केला नाही. कारभारी होकान मनात तयारी करून बसला होता, त्याची ती सगळी वाया गेली. ती म्हणाली की माळावर जाते, जमीन दगडांची आहे पण बरीच आहे, चालेल. फक्त एक मागणं आहे. काठीच्या फेऱ्यातून माझं घर काढू नका.

होकान तसा दुष्ट नव्हता. त्याला फक्त प्रत्येक गोष्ट सोयीची करून टाकायची खोड होती. तो म्हणाला, "स्टावाबाई, एका लाकडाच्या तुकड्यासाठी अर्धा तास माळ तुडवायला कोण येणार? रविवारी चर्चमध्ये पुकारा होतोच की."

"पुकारा ऐकलेल्याला बैठकीत बसता येतं. बोलता येत नाही. तुम्हालाही ठाऊक आहे."

ते खरंच होतं. ज्याच्या हाती काठी आली त्यालाच बैठकीत तोंड उघडायचा हक्क, हा नियम होकानच्या आजोबांच्याही आधीचा. काठी माळावर न्यायची तर ते काम दहाव्या घराचं. म्हणून सगळ्यांनी ब्योर्ताकडे पाहिलं. ती नवऱ्याशेजारी बसली होती. तिने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि एक अक्षर बोलली नाही. होकानने क्षणभर वाट पाहिली, मग वहीत स्टावाच्या घराच्या नावावर रेघ ओढली. स्टावाला त्या रेघेचं जेवढं लागलं तेवढं घर उठवायचं लागलं नाही. घर काय, लाकडाचंच होतं.

जानेवारीत बर्फ घट्ट झाल्यावर घर हललं. गावाने कायद्याप्रमाणे अंगमेहनत द्यायची होती आणि ती त्यांनी मनापासून दिली. ओंडक्या-ओंडक्यावर कुऱ्हाडीने खुणा पाडल्या, घर उलगडलं आणि घसरगाड्यांवर लादून माळावर नेलं. ब्योर्ताचा नवरा यूनास आपले दिवस भरून वर दोन दिवस जास्त राबला. भिंती उभ्या राहायची वेळ आली तेव्हा स्टावा पायाच्या दगडावर उभी राहिली आणि म्हणाली, दार उत्तरेला घ्या.

सुतारांना वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. त्या मुलखात दार उत्तरेला कोणी ठेवत नाही. गोठासुद्धा दक्षिणेकडे तोंड करून उभा असतो. मुख्य सुताराने तिला वाऱ्याबद्दल, बर्फाबद्दल, सरपणाबद्दल सगळं समजावलं.

"गाव उत्तरेला आहे," स्टावा म्हणाली. "माणसं येतात तिकडे दार असतं."

"कोण येणार आहे इथे, स्टावाबाई?"

ती दगडावरून खाली उतरली आणि दार उत्तरेला झालं. त्या हिवाळ्यात तिने दुप्पट लाकूड जाळलं. सकाळी दार उघडलं की गुडघाभर बर्फ आत कोसळायचा. माग्नुस फावड्याने तो बाहेर लोटायचा आणि मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या आवाजात, सुतारांना शिव्या द्यायचा. खरा दोष कोणाचा हे त्याला कळत होतं, पण भाकरी तिच्या हातची होती. गावात गंमत पसरली की स्टावा चुलीत लाकूड घालते आणि ऊब मात्र साऱ्या परगण्याला वाटते.

दाराकडे कोणी फिरकलं नाही. फेब्रुवारीत एक बैठक झाली, मार्चात एक. दोन्ही वेळा ती भिंतीशी गप्प बसून आली. कोणी तिचा अपमान केला नाही. कॉफी दिली, तब्येत विचारली, पाहुणीला विचारतात तशी. परत येताना तिला रडू आलं. जन्म याच गावात गेला होता आणि ती पाहुणी झाली होती.

एप्रिलच्या सुरुवातीला चर्चबाहेर यूनास तिला गाठून हळूच म्हणाला की तळ्याकडे जाणारी गुरांची वाट आता होकानच्या वाट्यात आली आहे. त्याला तिथे कुंपण घालायचंय, वसंताच्या बैठकीत ठरेल.

स्टावाने मनाशी हिशोब केला. माळावर विहिरीचं पाणी तिच्यापुरतं आणि माग्नुसपुरतं होतं. गायींना तळ्याशिवाय दुसरं पाणी नव्हतं. ती वाट बंद झाली तर गायी विकाव्या लागणार, आणि गायी गेल्यावर माळावर एकट्या बाईने खायचं काय? तिने विचारलं, बैठक कधी.

"काठी फिरेल तेव्हा," यूनास म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याचे कान लाल झाले. टोपी चाचपत तो निघून गेला.

एप्रिल सरत आला होता. एके दिवशी ऊन डोक्यावर आलं असताना स्टावा दूध तापवत होती तेव्हा दारावर ठोके पडले. एक, दोन, तीन. तिने ते हाताने मारलेले ठोके नाहीत हे ओळखलं. दूध उतू गेलं तरी तिला हलता येईना. मग तिने दार उघडलं.

समोर ब्योर्ता उभी होती. घोट्यापर्यंत चिखल, रुमाल मानेवर घसरलेला, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. हातात काठी. स्टावाने हात पुढे केला. काठी घेतली. चिरीतला कागद वाचला. आज दुपारी बारा वाजता, कारभाऱ्याच्या घरी.

नेहमीप्रमाणे ब्योर्ताने आता वळून जायचं होतं. ती गेली नाही.

"तुला काठी होकानकडे न्यायची होती," स्टावा म्हणाली. अकरा वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य असं निघालं.

"हो."

"मग?"

"चुकून आले."

"अर्धा तास चिखलातून चुकून?"

"सवय गं," ब्योर्ता म्हणाली. "माझ्या दारानंतर तुझं दार. पायांना दुसरं काही माहीत नाही. आणि हे असलं उत्तरेला दार कोणी केलं? लांबूनच दिसतं, माणूस सरळ त्याच्यावरच येऊन आदळतो."

स्टावाने तिला आत बोलावलं नाही, कारण वेळ नव्हता. शाल ओढली, माग्नुसला खुणेने चूल दाखवली आणि काठी घेऊन निघाली. दोघी चिखलातून चालू लागल्या. ओढ्याजवळच्या फळीवर ब्योर्ता घसरली तेव्हा स्टावाने तिचा दंड धरला आणि मग सोडला नाही.

"तेव्हा बैठकीत मी बोलायला हवं होतं," ब्योर्ता म्हणाली.

"हवंच होतं."

"ती अंडी तू खाल्लीसच ना पण."

"खाल्ली. चांगली होती," स्टावा म्हणाली.

गावात तोवर गोंधळ उडाला होता. बारा वाजून गेले, दहा घरची माणसं होकानच्या बाकांवर बसली होती आणि टेबलावर काठी नव्हती. काठीशिवाय बैठक सुरू होत नाही. होकान दोनदा यूनासला म्हणाला, जरा बघ तुझ्या बायकोकडे. यूनासने दोनदा खिडकीतून पाहिलं आणि फार तपशिलात उत्तर दिलं नाही. एक वाजायच्या सुमारास दोघी आत आल्या. स्टावाने काठी टेबलावर ठेवली आणि आपल्या जुन्या जागी बसली.

होकान काही म्हणणार होता. पण वसंताची बैठक नियमांच्या वाचनाने सुरू करायची गावाची रीत होती आणि वाचायचं कारभाऱ्यानेच. त्याने वही उघडली आणि वाचत वाचत काठीच्या कलमापाशी आला. ज्याच्या हाती काठी आली तो गावाचा, त्याचं म्हणणं ऐकावं. ते त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं. तो थांबला. वर पाहिलं. स्टावाकडे, मग ब्योर्ताकडे.

"पुढचंही वाचा, कारभारी," ब्योर्ता म्हणाली. "काठी उशिरा पोचवणाऱ्याने अर्धं पिंप बियर द्यायची. ती मी कालच भरून ठेवली होती, येताना घरून घेऊन आले. बाहेर हातगाडीवर आहे."

म्हणजे आदल्या दिवसापासूनच तिच्या पायांना आपण चुकणार आहोत हे ठाऊक होतं. खोलीत कोणी तरी हसलं आणि मग सगळेच हसले. होकानला हसू यायला जरा वेळ लागला, पण आलं. मग स्टावाने तळ्याच्या वाटेविषयी काय म्हणायचं ते शांतपणे म्हटलं. वाट तशीच राहिली. होकानने कुंपण चार हात अलीकडे घातलं आणि रेघ ओढलेल्या नावाखाली पुन्हा तेच नाव लिहिलं.

त्यानंतर तेवीस वर्षं ब्योर्ता माळावर काठी घेऊन येत राहिली. पुढे तिचे गुडघे गेले. कोणीतरी सुचवलं की आता तरी काठी यूनासने होकानकडेच द्यावी, म्हातारीला निरोप कळवता येईल. स्टावाने ऐकलं नाही. काठी फिरायची असली की यूनास ओसरीवर लाल कापड टांगायचा. ते तिला उत्तरेच्या दारातून दिसायचं. मग ती सत्तरीची बाई माळ उतरून ब्योर्ताकडे यायची, कॉफी घ्यायची, तिच्या हातून काठी घ्यायची. आणि कारभाऱ्याचं घर चाळीस पावलांवर असताना ती काठी घेऊन पुन्हा अर्धा तास माळ चढायची. आपल्याच दारावर ती तीनदा आपटायची, वळायची आणि परत खाली यायची. सगळी बैठक तिच्यासाठी खोळंबून बसलेली असायची आणि कोणी कुरकुर करत नसे.

एकदा एका नव्या सुनेने तिला विचारलं की आजी, ही दुहेरी पायपीट कशासाठी.

"ब्योर्ता तिथवर यायची," स्टावा म्हणाली. "आता तिला येववत नाही, म्हणून तिच्या वाटचं मी चालते."