आषाढातले लाकूड

आत्याबद्दल लिहायला बसलो खरा, पण हात अडखळतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेले नाही, आणि घरातल्या माणसांविषयी चार लोकांत छापून सांगावे हे तर आमच्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. त्यातून मी जे सांगणार आहे ते रागाने सांगणार आहे. रागात लिहिलेले चांगले उतरत नाही, असे आमचे मराठीचे सर म्हणतात. त्यांची आणि घरच्या वडीलधाऱ्यांची माफी मागतो, आणि जमेल तसे लिहितो.

आत्या लाकूड गालाला लावून बघायची. सरपणाची मोळी अंगणात पडली की पदराला हात पुसत बाहेर यायची, मोळीच्या मधले लाकूड ओढून काढायची आणि डोळे मिटून गालाला टेकवायची. गार लागले की ओले. मग ते लाकूड आणणाऱ्याच्या पायाशी आदळायचे. शेजारची भागाबाई कुडावरून म्हणायची, "काय वं गंगाबाई, लाकडाचा मुका घेऊन राहिल्या का?"

"घेते की," आत्या म्हणायची. "ह्याच्या तोंडाला दारूचा वास तरी येत न्हाई, तुज्या घरच्यासारखा."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि आबांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, धाकटी. लग्न झाल्यावर थोड्याच वर्षांत नवरा तापाने गेला आणि ती माहेरी, सेनगावच्या बाजूला आमच्या गावात, परत आली. तेव्हापासून चूल तिची. आई आणि चुलती शेतात जायच्या. दोन्ही वेळच्या पंधरा-सोळा माणसांच्या भाकरी आत्या एकटी थापायची. अशा माहेरी राहिलेल्या आत्या तुम्ही पाहिल्या असतील, खालमानेने वावरणाऱ्या. आमची आत्या तशी नव्हती. ती चुलीला शिव्या द्यायची, मांजराला द्यायची, ढगाला द्यायची. शिवी देताना फुंकणी हातात असायची, त्यामुळे समोरचा दोन हात लांब उभा राहायचा.

सर्वांत जास्त शिव्या धुराला. आमची घरे माळवदाची. स्वयंपाकघराला खिडकी नाही. धूर जायला छतात एक भोक, त्याला आम्ही सवणे म्हणतो. पावसाळ्यात त्या भोकावर मातीचे परळ पालथे घालावे लागते, नाहीतर पाऊस थेट चुलीत. म्हणजे ज्या दिवसांत लाकूड ओले, त्याच दिवसांत धुराची वाट बंद. आम्ही पुरुष ओसरीवर ताटे घेऊन बसायचो आणि आतून आत्याचा खोकला ऐकू यायचा. "धूर बी मोठा हुशार हाये," ती आतून म्हणायची. "बाप्यामाणसाच्या अंगावर जात न्हाई. भितो."

आता लाकडाचे सांगतो, कारण सगळे त्याच्यावरच आहे. आमच्या गावाला लाकूड पुरवायचा बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा लखू. पूर्वी त्याची माणसे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायची. लखूच्या हाती कुऱ्हाड आली. त्याच्याकडून लाकूड घ्यायच्या दोन रीती होत्या. एक सालाची बोली. सुगीला त्याला ठरलेली ज्वारी मोजून द्यायची आणि बारा महिने चुलीची काळजी त्याची. पावसाळ्याचे लाकूड तो उन्हाळ्यातच तोडून तांड्यावर छपराखाली रचून ठेवायचा. दुसरी रीत सुट्याची. मोळी आली, पैसे दिले, संपले. उन्हाळ्यात सुटे फार स्वस्त पडायचे. पण पावसाळ्यात सुट्याच्या गिऱ्हाइकाला त्या दिवशी रानात जे सापडेल ते मिळायचे. छपराखालचे लाकूड फक्त बोलीच्या घरांना. या नेमात लखू कुणालाच सूट देत नसे.

गावात ज्याने त्याने आपापले बघून ठरवले होते. शिंपी सुटे घ्यायचा. तो म्हणायचा, "मला कुठली सुगी? रोज शिवतो, रोज जाळतो." तेल्याच्या घरात दरसाल एक बाळंतीण असायची; तिला शेक-शेगडी लागते म्हणून तेल्याची सालाची बोली. भागाबाईच्या दावणीला म्हशी, ती गोवऱ्यांवर भागवायची. या कुणावरही माझा राग नाही. त्यांचे त्यांच्या जागी खरे होते. आमच्या घरी मात्र पेव ज्वारीने भरलेले असायचे आणि तरी आमचे लाकूड सुटे.

दर चैत्रात लखू विचारायला यायचा आणि दर चैत्रात ओसरीवर तेच बोलणे व्हायचे.

"रानात लाकूड पायाखाली पडून राहिलंय," आबा म्हणायचे. "त्याच्यासाठी सालाचा बोल काहून द्यायचा? लागंल तसं घेऊ."

"दादा, चैतात कुणाची बी चूल पेटती," आत्या दाराआडून म्हणायची. "आखाडात पेटवायला तुमी येता का?"

"चार महिन्याच्या पावसासाठी बारा महिन्याची ज्वारी?"

"पंधरा माणसं चार महिने उपाशी राहत्यात का?"

आबा हसायचे. त्यांच्या शेजारी बसलेले माझे वडीलही हसायचे. आणि लखू बैल वळवून पुढच्या घरी जायचा.

आबांना कुणी वाईट म्हणणार नाही. गावात तंटा झाला की त्यांना बोलावतात. बैल घेताना ते त्याचे दात, खूर, वशिंड सगळे बघतात आणि पैशाकडे बघत नाहीत. शेतीला लागणाऱ्या वस्तूत त्यांनी कधी कसर केली नाही. म्हणूनच मला जास्त राग येतो. त्यांना स्वस्त आणि महाग यांतला फरक चांगला कळत होता. फक्त चुलीपुढे बसणाऱ्या माणसाची किंमत त्यांनी त्यात कधी धरली नाही.

महायुद्ध चालू होते तेव्हाची गोष्ट. मी हिंगोलीच्या शाळेत होतो आणि आषाढात एका रविवारी घरी आलो होतो. रॉकेल कंट्रोलमध्ये गेलेले, त्यामुळे ओल्या लाकडावर शिंतडायलाही ते नव्हते. घरात थोडेसे सुके धावड्याचे लाकूड होते, पण ते न्हाणीच्या चुलीसाठी. पुरुषांच्या अंघोळीला कढत पाणी लागते, म्हणून घरातले सुके लाकूड आधी तिकडे जायचे आणि उरलेले ओले स्वयंपाकाला. हे कुणी ठरवले होते ते कुणालाच सांगता येणार नाही. त्या सकाळी आबा दगडावर बसून पाणी तापायची वाट बघत होते. आत्या स्वयंपाकघरातून आली, तिने हंड्याखालची जळती लाकडे लोखंडी पाटीत ओढली आणि आत चालू लागली.

"गंगे! पाणी कोमट बी झालं न्हाई!"

"मंग गार पाण्यानं न्हा," आत्या मागे न बघता म्हणाली. "मी सकाळधरनं धुरानं न्हाऊन राहिले, मला कुणी इचारलं का?"

गडी गोठ्यात तोंड लपवून हसला. माझे वडील पलीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. आबांनी गार पाण्याने अंघोळ केली, अंग पुसले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन आवाज न चढवता म्हणाले, "घर कुणाचं हाये, तेवढं ध्यानात ठेव."

आता कुणी हसले नाही. मी म्हणालो, "आबा, आत्या खरं तेच बोलली."

"दोन बुकं शिकला म्हणून तुला चुलीतलं कळाया लागलं व्हय रे?"

"चुलीतलं तुम्हांला तरी कुठं कळतं?"

वडिलांनी मला थोबाडीत मारली. आत्याने ताटे वाढली. त्या दिवशी तिने चुलीलासुद्धा शिवी दिली नाही.

पण ती गप्प बसणारी नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात तिने जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवली. आत्याच्या हाताची वाकळ म्हणजे पाखडलेल्या धान्यासारखे बारीक, एकसारखे टाके. लखू विचारायला आला तेव्हा आबा बाजारात गेले होते. आत्याने वाकळ त्याच्यापुढे उलगडली. माझी सुट्टी होती, मी तिथेच बसलो होतो.

लखूने ती हातात घेऊन उलटी सुलटी केली. आपल्या बोलीत तो आत्याला याडी, म्हणजे आई, म्हणायचा. "याडी, ही तर लग्नात द्यायची चीज. हिच्यावर पाऊस सरंपर्यंतचं देतो."

"वाळलं देशील?"

"छपराखालचं देतो. गाल लावून बघ."

"बघणारच हाय. तुला काय वाटलं, तुज्या तोंडाकडं बघून घीन?"

त्या पावसाळ्यात काही दिवस आमच्या स्वयंपाकघरात ज्वाळ होती. मी घरी आलो तेव्हा आत पाट घेऊन जेवायला बसलो. ओसरीवरून हाक मारायची गरज नव्हती. आत माणसाला माणूस दिसत होते. आत्या भाकरी थापता थापता मला तेल्याच्या सुनांची भांडणे नक्कल करून दाखवत होती.

मग बाजारात कुणीतरी आबांना म्हणाले, "आबा, तुमच्या घरची चूल आता वाकळीवर जळती म्हणं?" आबा घरी आले ते थेट लाकडापाशी. गड्याला सांगून सगळे लाकूड गाडीत भरले आणि तांड्यावर परत पाठवले.

"पेवात ज्वारी असताना घरची बाई चिंध्या देऊन लाकूड घेऊन राहिली! लोक काय म्हणतील?"

"मंग ज्वारी द्या की, दादा."

"ते मी ठरवीन."

गाडी परत आली तिच्यात वाकळ होती. आबांनी ती आपल्या बाजेवर टाकली. अजून ते तिच्यावरच झोपतात.

आम्हांला इथे हैदराबादच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. कुटुंब आपल्या सोयीचे आणि आपल्याला परवडणारे ते निवडते, असे पुस्तकात आहे. मी वर्गात उठून विचारणार होतो की कुटुंब म्हणजे त्यातले कोण. पण धीर झाला नाही. इथे विचारतो.

आत्याचे डोळे आधी लाल असायचे, मग त्यांतून सारखे पाणी यायला लागले, मग बुबुळावर पांढरे आले. हिंगोलीच्या डॉक्टरने सांगितले, हिला धुरापासून लांब ठेवा. आबांना खरोखर वाईट वाटले. येईल त्याला ते ओसरीवर बसवून सांगायचे, "डॉक्टरनं गंगीला धुरापासून लांब राहायला सांगितलंय." आणि सांगून झाले की आत वळून विचारायचे, "गंगे, भाकरी झाल्या का?" तिच्या बोटांना चटके बसायला लागले. माझी आई शेतावरून लवकर यायचा प्रयत्न करायची. पण पेरणी, निंदणी, काढणी, काहीतरी असायचेच.

मी हैदराबादला निघालो त्या सकाळी आत्याने मला जवळ बसवून घेतले. तोवर तिला माझा चेहरा दिसत नव्हता, उजेड तेवढा कळायचा. बाकीच्यांनी मला नीट राहा, खर्च जपून कर, असे सांगितले. तिने विचारले, "तुज्या त्या बोर्डिंगात सैपाक कोण करतं रे?"

"आचारी आहे, आत्या."

"बाप्या?"

"हो."

"मंग लाकूड वाळलंच असंल," ती म्हणाली, आणि इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. हे आमचे शेवटचे बोलणे.

यंदाच्या पावसाळ्यात गावाकडचे काहीच कळेनासे झाले. सगळीकडे दंग्याधोप्याची धामधूम होती. पत्रे येईनात, पूर्णेच्या पुढे गाडी जाईल की नाही याचा भरवसा नव्हता. दिवाळीच्या आसपास आबांचा मुलगा दत्ता बोर्डिंगात येऊन उभा राहिला. मी त्याला खाटेवर बसवले, पाणी दिले. सगळ्यांची खुशाली सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आत्या गेली. आखाडातच गेली. तुला कळवायचं तर कसं कळवणार?"

"कशानं?"

"ताप आला व्हता. दुसऱ्या दिवशी संपलं." मग तो आपल्या बापाचा मोठेपणा सांगावा तसा सांगू लागला. "पाऊस असा, की अंगणात उभं राहता येईना. घरात वाळलं लाकूड न्हाई. सरण पेटायचं कसं? आबा स्वतः भिजत तांड्यावर गेले. लखू रडला. म्हणाला, याडीसाठी पैसा न्हाई घेत, छपराखालचं लागंल तेवढं न्या. पण आपल्या घरच्या सरणाला तांड्याचं फुकट लाकूड? आबांनी जागेवर सालाची बोली केली. एका शब्दाची घासाघीस न्हाई. गाडीभर दिलं त्यानं, खडखडीत. भर पावसात पेटलं बघ."

मी विचारले, "मग त्या बोलीचं काय झालं?"

"काय व्हायचंय? चालू हाये की," दत्ता म्हणाला. "आता बारा महिने वाळलं लाकूड असतं घरात. माझी बायको तर म्हणती, सैपाक करून राहिलो असं वाटतच न्हाई."