नसीमआपा सिनेमाचा शेवट बघत नसत

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वेडंवाकडं. त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण माफी मागितल्याशिवाय माझा हात चालत नाही.

नसीमआपा सिनेमाचा शेवट कधी बघत नसत. दिल्लीत करोल बागेच्या मागच्या गल्लीत, आमच्या खोलीसमोर त्यांचं फॉल-पिकोचं दुकान. दुपारी मी तिथे फॉल लावायला बसायची. मशीनला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर सिनेमा चालू असायचा. हिरोचा मुसलमान दोस्त हसत आला, त्यानं मिठी मारली, की आपा दातानं दोरा तोडत म्हणत, "लो, आ गया मरनेवाला." आणि शेवटी हिरोवर झाडलेली गोळी तोच छातीवर घ्यायचा. दोस्त सीमेपलीकडचा असला तरी तेच. त्याआधीच आपा मोबाइल बंद करत. "मरे बिना इसकी दोस्ती कोई मानता ही नहीं." मग मला कोपरानं ढोसत, "सुनंदा, मैं तेरे लिए नहीं मरूँगी, हाँ. चाय पिला दूँगी."

नुसता चहा नाही, माझ्या मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी त्यांनी आठ हजार दिले. मजुरीतून कापून घ्या म्हटलं, तर ऐकेनात. "मजूरी अलग. ये हाथ में लाकर दे." मी सहा हजार फेडले होते.

मग सीमेवर गोळीबार झाला आणि गल्ली बदलली. दुकानात कोणी साडी टाकेना. चौकात चार माणसं उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नाव विचारू लागली. मालकानं आपांना रविवारपर्यंत दुकान रिकामं करायला सांगितलं. त्यांचा फोन आला, "मत आना. तेरे आदमी को सुनना पड़ेगा." मी "अच्छा" म्हटलं. तेवढंच. आठ दिवस दार लावून बसले, त्याची लाज अजून जात नाही.

शनिवारी शेजारच्या भाभी हसून म्हणाल्या, "तेरे दो हज़ार तो बच गए. वो तो जा रही है."

माझे कान तापले. भर दुपारी नोटा मुठीत घेऊन बाहेर पडले. गल्ली बारा पावलांची. चौकातला एक जण आडवा आला. "कहाँ चली, भाभीजी?"

परक्या पुरुषाशी मी कधी बोलत नाही. "आपा के पैसे देने हैं," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. तो बाजूला झाला नाही. मी वळसा घालून गेले.

आपा मशीनला चादर गुंडाळत होत्या. त्यांनी आधी चौकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज ही आना था?"

मी मूठ उघडली. पाचशेच्या चारच नोटा. आपांनी बोट ओलं करून त्या दोनदा मोजल्या, चौकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"पूरे आठ हज़ार हो गए," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग हळूच, "और देख, दोनों ज़िंदा हैं."