मुठीतला ब्लेनी

आमचे हे मासे धरतात. खायचे नव्हेत, दुकानांतल्या काचेच्या पेट्यांत ठेवायचे. तोंडात हवेची नळी धरून खाली प्रवाळांच्या खडकांत उतरतात. नळीत हवा सोडतो होडीतला पंप, आणि पंपापाशी बसते मी. बावीस वर्षं बसतेय, बावीस वर्षं जीव टांगणीला. लोक म्हणतात, सवय होते. डोंबल होते!

आमच्या खुणा ठरलेल्या. यांच्या कमरेच्या दोरीला एक झटका म्हणजे ठीक, तीन म्हणजे वर. चालू पंपात तेल भरता येत नाही, म्हणून टाकी संपायच्या आत हे वर येतात.

त्या दिवशी हे ब्लेनीच्या मागे लागले होते. बोटाएवढा मासा, अंगावर खवला नाही, डोळ्यांवर दोन तुरे. स्वारी शेपटीकडून बिळात शिरते आणि नुसतं तोंड बाहेर काढून बघत बसते. भित्रा, पण यांच्यापेक्षा शहाणा.

बराच वेळ झाला म्हणून मी एक झटका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. नाहीच. बुडबुडे तर येत होते, मग हे बोलत का नाहीत? टाकीच्या तळाशी बोटभर तेल. पंप खोकायला लागला. जोराने ओढावं, तर नळी प्रवाळात अडकून फाटायची.

शेवटी मीच तीन झटके दिले. वरून तीन झटके मी कधीच दिले नव्हते.

पंप बंद पडला. बुडबुडे थांबले. मी यांना नावाने हाक मारली, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

मग होडीच्या कडेवर एक हात आला. मनगट पार सोललेलं.

"मुठीत होता गं तो," हे धापा टाकत म्हणाले. "मूठ बिळातून निघेना. दुसऱ्या हाताने खडक धरलेला, दोरी कशाने ओढू?"

"अहो, मग मूठ उघडायची!"

"तीन दिवस शोधत होतो त्याला."

"आणि मी? मी कुणाला शोधलं असतं?" मी रडत ओरडले.

हे हळूच म्हणाले, "तुझे तीन झटके बसले, तेव्हा उघडली. थरथरत होता बिचारा. सोडला तरी पळाला नाही, मागे सरकून माझ्याकडेच बघत बसला."

आता हे खाली गेले की मी दर मिनिटाला दोरी ओढते. वर येऊन ओरडतात, "अगं, मासे पळतात!"

पळू देत.