मिळणार नसेल तर

ऑफिसात पाठीमागे त्यांना बोकोबा म्हणायचे, कारण त्यांच्या टेबलावर माऊस नव्हता. होता, पण खणात, वायर गुंडाळून, मलमाच्या ट्यूबशेजारी. उजव्या मनगटाने दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी हाताला महिनाभर पूर्ण विश्रांती सांगितली होती. आता विश्रांती कुठून आणायची? त्यांनी माऊस खणात टाकला आणि सगळी ये-जा कीबोर्डवर आणली. नावं ठेवणाऱ्यांना एवढं पुरलं. तोंडावर मात्र सगळे काकाच म्हणायचे, मीही.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. शहरातल्या बसगाड्यांचं वेळापत्रक जुळवणारा प्रोग्रॅम सांभाळणं हे आमचं काम. त्याची मुख्य फाइल म्हणजे एक भानगड आहे. जो आला त्याने तिच्यात आपली भर घातली आणि तो निघून गेला. आवराआवर कोणी केली नाही. आम्ही माऊसचं चाक फिरवत फिरवत तिच्यात उतरायचो आणि निम्म्या वाटेत काय शोधायला निघालो होतो तेच विसरायचो. काकांचं तसं नव्हतं. कंट्रोल आणि जी दाबून ओळीचा आकडा टाकला की ते थेट त्या ओळीवर. एखाद्या नावावर कर्सर ठेवून एफ ट्वेल्व्ह दाबलं की ते नाव मुळात जिथे ठरवलंय तिथे. तिथलं बघून झालं की आल्ट धरून डावा बाण, पुन्हा आपल्या जागी. ओळीच्या मध्येच असताना खाली नवी ओळ हवी असेल तर टोकापर्यंत जायचंसुद्धा नाही. कंट्रोल धरून एंटर मारायचं, खाली कोरी ओळ उघडते. ही तर त्यांची इतकी जुनी सवय होती की बोटं त्यांना न विचारताच ते करून मोकळी व्हायची.

यात मिरवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नसे. हात दुखतो म्हणून जवळचा रस्ता, एवढंच. पण झालं असं, की काकांचं लवकर होतं म्हणून जो तो आपलं काम त्यांच्याकडे सरकवायला लागला. वाचवलेला वेळ त्यांच्या स्वतःच्या वाट्याला कधी आलाच नाही. संध्याकाळी उठताना ते आधी एक हात टेबलावर टेकायचे, मग दुसरा, मग उभे राहायचे. मला त्याचा राग यायचा. काम सरकवणाऱ्यांचा यायचा आणि ते मुकाट्याने घेणाऱ्या काकांचा जरा जास्तच.

काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन असंच भिजत पडलं होतं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लेक लांब, तिच्या पदरात तान्हं मूल. ऑपरेशननंतर दीड महिना काकूंना उठवायला-बसवायला घरात कोणीतरी हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे काकाच. ऑफिसातल्या कामापायी दोनदा तारीख पुढे गेली होती. या वेळी डॉक्टरांनी बजावलं, आणखी थांबलात तर नंतर नीट चालता येईल याची खात्री मी देणार नाही. काकू घराबाहेर पडून किती दिवस झाले असं मी एकदा विचारलं, तर काका रुमालाने कीबोर्ड पुसायला लागले.

रजा मागा, मी रोज सांगायचे. बघतो, ते म्हणायचे. माणूस भिडस्त असावा, पण किती!

शेवटी एका दुपारी त्यांनी साहेबांना मेल लिहायला घेतली. एरवी ते प्रत्येक मजकूर प्रोग्रॅम लिहायच्या आपल्या एडिटरमध्ये लिहायचे, घासूनपुसून साफ करायचे आणि मग मेलमध्ये चिकटवायचे. त्या दिवशी घासत बसलो तर धीर सुटेल म्हणून थेट मेलमध्येच लिहायला बसले. थोड्या वेळाने शेजारून हळूच "अरे" ऐकू आलं. मी पाहिलं तर काकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडालेला.

त्यांना खाली नवी ओळ हवी होती. बोटांनी सवयीने कंट्रोल धरून एंटर मारलं होतं. आमच्या एडिटरमध्ये त्याने ओळ उघडते. मेलमध्ये त्याने मेल जाते. गेलेली मेल एवढीच होती: "साहेब, पत्नीचं ऑपरेशन ठरलं आहे. मला एक तारखेपासून दीड महिना रजा हवी आहे. मिळणार नसेल तर".

पुढे काही नाही. साधा पूर्णविरामही नाही.

"पुढे काय लिहिणार होतात?" मी विचारलं.

"तर हरकत नाही," ते म्हणाले. "नंतरची तारीख घेतो."

मला इतका संताप आला की मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. ते घाईघाईने दुसरी मेल लिहू लागले, पण ती पुरी व्हायच्या आत केबिनमधून बोलावणं आलं, काकांना आणि त्यांच्या पाठोपाठ मलाही.

साहेब वाईट नाहीत. त्यांच्याही डोक्यावर कोणी ना कोणी बसलेलं असतं. त्यांच्यासमोर पडद्यावर तीच मेल उघडी होती, आणि इतक्या वर्षांत उलटून शब्द न बोललेल्या माणसाने आपल्याला धमकी दिली आहे असं त्यांना वाटत होतं. ते चांगलेच धास्तावले होते.

"मिळणार नसेल तर काय, काका?"

मी खाली बघत राहिले. उत्तर मला ठाऊक होतं आणि ते काकांच्या ओठांवर आलंही होतं. ते डाव्या हाताने उजवं मनगट चोळत उभे होते.

"दमलोय हो मी, साहेब," काका म्हणाले. "आणि ती माझ्याहून दमलीय. दोनदा थांबली माझ्यासाठी. आता तिला थांब म्हणायला माझं तोंड होत नाही."

साहेबांनी रजा दिली. जायच्या आधी फाइलीतल्या वाटा मला दाखवायच्या आणि लॅपटॉप सोबत न्यायचा, अडलं तर फोन करू, असंही सांगितलं. यावर काकांनी लगेच मान डोलावली. मी दात आवळले.

मग माझी शिकवणी. काकांनी माझाही माऊस खणात टाकला आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. मला काही सुधरेना. जी ऐवजी एच दाबायचे, भलतीकडे पोचायचे, वैतागायचे. एकदा चिडून म्हटलं, या वयात हे मला कशाला? तर म्हणाले, याच वयात लागतं ताई, मनगट शाबूत आहे तोवर शिकून घ्या. इतकं सोसून बसलेल्या माणसाशी भांडायचं तरी काय! मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. आठवड्याअखेर निदान हरवले तर परत यायला जमू लागलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी लॅपटॉप पिशवीत ठेवला. मी त्याचा चार्जर उचलून माझ्या पर्समध्ये टाकला. त्यांनी बघितलं आणि पिशवीची चेन लावून घेतली.

आणि नेमकं ऑपरेशनच्याच दिवशी गाडं अडलं. एका डेपोच्या सकाळच्या सगळ्या गाड्यांना वेळापत्रक एकच ड्रायव्हर दाखवू लागलं. डेपोतून फोनवर फोन. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, काकांना फोन लावा. मी म्हटलं, जरा वेळ द्या. ओळीवर गेले, तिथून मूळ नावावर, तिथून आणखी आत, चुकले, डावा बाण मारत मारत बाहेर आले, पुन्हा गेले. दुपार झाली. जेवायची वेळ टळून गेली. साहेब दोनदा जाऊन परत आले. मला अक्षरशः रडू येत होतं, पण फोनला हात लावला नाही.

मग काकांचाच फोन आला. ऑपरेशन व्यवस्थित झालं, ती शुद्धीवर आली आहे, माझ्याशी बोलली, असं ते सावकाश सांगत होते. मागे कोणाची तरी चाकाची खुर्ची सरकल्याचा आवाज येत होता. सांगून झाल्यावर ते थांबले.

"तिकडे काही अडलंय का?"

पडद्यावर चूक तशीच होती. साहेब मागे उभे होते आणि फोनमधला आवाज त्यांना ऐकू जात होता.

"नाही काका," मी म्हटलं. "इकडे सगळं ठीक आहे."

साहेबांनी फोनसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"बरं," काका म्हणाले. "मग मी जरा झोपतो."