भामाबाईंनी न घेतलेलं नाव

अंबरपेठेतल्या एकनाथरावांचा संसार बेचाळीस वर्षांचा, आणि एवढ्या वर्षांत भामाबाईंनी नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कुणी विचारलंच तर त्या शेजारणीला कोपरानं ढोसायच्या, मग शेजारीण सांगायची. घरात नुसतं "अहो!" पण त्या "अहो"चा आवाज असा खणखणीत, की गल्लीतले आणखी चार नवरे दचकून दारात यायचे.

पंच्याण्णव साली भामाबाईंना लकवा झाला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं अडकलं. दोन महिन्यांत "पाणी", "नको", "चहा" एवढं परत आलं, पण "अहो" काही येईना. एकनाथरावांच्या जिवाला घोर लागला. हिला आपली ओळख तरी राहिलीय का?

शेवटी ते बायकोला तारनाक्याच्या दवाखान्यात स्नेहाकडं घेऊन गेले. लकव्यानंतर माणसाला किती समजतं, किती बोलता येतं, ते ही पोरगी चित्रं दाखवून तपासायची. मूळची पुण्याची. नवऱ्याला इथं नव्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून आलेली, आणि त्याला चारचौघांत "ए पुष्कर" म्हणणारी.

पहिलं चित्र कपाचं.

"चहा," भामाबाई म्हणाल्या. स्नेहानं अर्धा गुण दिला.

दुसरं वॉशिंग मशीनचं. भामाबाईंनी डावा हात उचलला आणि बोट थेट नवऱ्याकडं केलं. स्नेहानं फुली मारली. चूक कसली डोंबलाची! दोन महिने घरातलं धुणं दुसरं कोण बडवत होतं? पण हे सांगायला एकनाथराव लाजले.

"बरं काकू, यांचं नाव काय?"

भामाबाईंनी मान फिरवली.

"आठवतंय का?"

मान आणखी फिरली. स्नेहानं कागदावर शून्य काढलं आणि हळूच म्हणाली, "काका, कधी कधी जवळच्यांची नावंही जातात."

एकनाथराव हबकलेच. आणि गंमत बघा, ज्या नावावाचून बेचाळीस वर्षं त्यांचं काही अडलं नव्हतं, त्याच नावासाठी हा बाप्या आता रडवेला झाला.

"घे की गं एकदा! इथं कोण ऐकतंय? असं नक्को ना करू!"

भामाबाईंनी असे डोळे वटारले, की स्नेहाचं पेन जागीच थांबलं.

"काका, काकू तुमचं नाव घेत नाहीत का?"

"कधीच नाही."

"मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलं कुठं?"

स्नेहानं शून्य खोडलं. "काकू, तुम्ही बोलू नका, फक्त ऐका. अप्पाराव."

भामाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"विवेकराव."

त्यांनी मोठ्ठी जांभई दिली.

"एकनाथराव."

डावा हात झटकन वर गेला आणि पदर डोक्यावर आला. एका हातानं ओढलेला तो लगेच कानावरून घसरला. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा घसरला. स्नेहा हसत हसत पूर्ण गुण लिहीत होती आणि एकनाथराव तोंड उघडं टाकून नुसते बघत बसले होते.

भामाबाईंचे ओठ हलले, अडखळले, पुन्हा हलले.

"अ... अहो!" त्या खेकसल्या. "पदर!"

बाहेरच्या बाकावरचे दोन नवरे ताडकन उठून उभे राहिले. एकनाथरावांनी बायकोचा पदर सारखा केला आणि भर दवाखान्यात ते ढसाढसा रडले.