बेशरमाचं कुंपण

पालीच्या धरणाच्या फुगवट्यात माझ्या सासरच्यांचं एक टेकाड आहे. धरण झालं तेव्हा खालची काळी जमीन पाण्यात गेली आणि वरचं मुरमाड डोकं तेवढं राहिलं. उन्हाळ्यात पाणी हटतं, टेकाडाच्या कडेचा गाळ उघडा पडून त्यावर हिरवळ येते, पण भोवती पाण्याचा पट्टा राहतोच. म्हणून होळी झाली की आमच्या शेळ्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून त्या बेटावर मुक्कामाला जातात. एरवी दुसऱ्याच्या शेतात घुसून धिंगाणा घालणाऱ्या या बया पाण्यावर अशा गरीब होतात, की बघणाऱ्याला खरंच वाटावं.

शेळ्यांबरोबर माझी मोठी जाऊ, म्हणजे आक्का, आणि मोठे भाऊजी जातात. त्या वर्षी मीही गेले. सगळा माळ करपलेला असताना तिथं फुलं कशी येतात, हे मला बघायचं होतं. भुईरिंगणीच घ्या. अंगभर काटे, जमिनीला चिकटलेली, पाण्याचा थेंब नाही, आणि फूल मात्र नव्या लुगड्यासारखं जांभळं. गाळात पिवळा धोतरा, मुरमात रुई, आणि पलीकडच्या उतारावर एक पळस. कोणती शेळी कोणतं फूल खाते याच्यावर माझी पाळत असायची. पळसाची गळलेली फुलं त्या एकमेकींना ढुशा देऊन खायच्या, रिंगणीला हुंगून शिंकायच्या आणि पिवळ्या धोतऱ्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत.

"आक्का, पिवळा धोतरा कावून खात न्हाईत ह्या?"

"त्यांनाच इचार की. तुला काय परीक्षा द्यायचीय का?" आक्का म्हणायची.

पाणी आटलं की गावची कुत्री उरलेला पट्टा पोहून, चिखल तुडवून बेटावर येतात, म्हणून शेळ्यांना रात्री कोंडायला कुंपणाचं वाडगं लागतं. भाऊजींनी ते बेशरमाच्या फोकांचं केलं होतं. बेशरम हे झुडूप आमच्याकडे ओढ्याच्या, कालव्याच्या कडेनं माजलेलं असतं. त्याला जनावर तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला त्याच्यासारखं दुसरं नाही, असं सगळेच मानतात. तुटलेला फोक ओल्या जमिनीत खोचला तरी मूळ धरतो. आमच्याही वाडग्याला पाहता पाहता पालवी फुटली आणि त्यावर फिकट गुलाबी भोंग्यासारखी फुलं आली. भाऊजी येणाऱ्याजाणाऱ्या मासेमाराला हाक मारून ते दाखवायचे.

वैशाखात आक्काच्या लाडक्या शेळीची मान हलायला लागली. जन्मतःच आई मेलेली ही शेळी आक्कानं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती, आणि आता ती पहिल्यांदाच गाभण होती. कोणी काही विचारलंय आणि ती नाही नाही म्हणतेय, अशी मान हलायची. आधी आम्ही हसलो. मग तिचे मागचे पाय लटपटू लागले आणि हसणं बंद झालं.

"आजार हाय हा," भाऊजी म्हणाले. "बाकीच्यांना लागायच्या आत येत्या बाजाराला नेतो. आज उभी हाय, उद्या बसली तर कुणी इचारणार न्हाई."

"पोटात लेकरू हाय तिच्या," आक्का म्हणाली. "बाजारात कोण घेतंय अशीला? खाटीकच ना?"

भाऊजी निर्दयी नव्हते. सगळा कळप त्यांच्या डोळ्यांपुढे होता, आणि आक्काच्या डोळ्यांपुढे ही एकटी. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. खाण्यात काही भलतं आलंय का, असं त्यांनी विचारलं.

"कुठनं येणार?" आक्का म्हणाली. "चिखलात घसरंल म्हणून मी तिला दिवसभर वाडग्याबाहेर सोडतच न्हाई. हातानं वाळला चारा टाकते."

बाजार दोन दिवसांवर आला. दुपारी बाकीच्या शेळ्या गाळात चरत होत्या आणि मी वाडग्याच्या सावलीला बसले होते. कुंपण बाहेरून गच्च फुललेलं होतं. आतून कसं दिसतं म्हणून सहज आत गेले. आतल्या बाजूला शेळीच्या तोंडाच्या उंचीपर्यंत एक फूल नव्हतं, पानही नव्हतं. नुसते सोललेले फोक. त्याच्या वर मात्र पुन्हा फुलंच फुलं.

मी भाऊजींना बोलावलं.

"अंग घासून गळली असतील," ते म्हणाले. "बेशरमाला जनावर तोंड लावत न्हाई."

"मग खाली एक तरी पाकळी पडलेली दिसली असती."

त्यांनी वरचं एक फूल खुडलं आणि तळहातावर ठेवून शेळीपुढे धरलं. हलत्या मानेनं ते तिला चटकन पकडता येईना. पकडलं, गिळलं, आणि मग ती त्यांचा तळहात चाटून आणखी शोधत राहिली. भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांनी डोक्याचा रुमाल काढला, हाताला गुंडाळला आणि कुंपण उपटायला घेतलं.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की यावर औषध नाही, ते खाणं तोडा. दुसरं हिरवं नसलं की जनावर नाइलाजानं त्याला तोंड लावतं आणि मग त्याची चटक लागते. मान थांबेल की नाही सांगता येत नाही, आणि पोटातल्याचं तर त्याहून नाही. बाजाराचं नाव मग कोणी काढलं नाही. "मीच कोंडली तिला," आक्का एकदा म्हणाली. मी भाकरी थापत बसले.

चटक काय असते हे मला तेव्हा कळलं. वाडग्याला आता बाभळीच्या काट्या लावल्या होत्या, समोर बाभळीच्या शेंगा पडलेल्या असायच्या, आणि ही जिथून फोक उपटले त्या खड्ड्यांना हुंगत फिरायची. आक्का तिच्याजवळ बसून एकेक शेंग तिच्या तोंडात सरकवायची. हळूहळू ती खायला लागली. पायांत थोडा जोर आला. मान मात्र हलतच राहिली.

मृगाला अजून अवकाश होता, तेव्हा एका सकाळी ती व्याली. करडू काळंभोर होतं. आम्ही तिघंही त्याच्या पायांकडे बघत होतो. ते उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि उभं राहिलं. मान सरळ. भाऊजी उगाच पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

शेळी त्याला चाटायला वाकली, पण मान हलायची आणि जीभ भलतीकडेच जायची. करडू ओलं कुडकुडत होतं. मी पदरानं पुसायला पुढे झाले, तर आक्कानं मला हातानंच थांबवलं. ती शेळीच्या मानेशी गुडघ्यांवर बसली, तिचं डोकं दोन्ही हातांत गच्च धरलं, आणि शेळीनं करडू सगळं चाटून काढेपर्यंत ते सोडलं नाही.